दोन रुपयांचे निर्माते

१९७६ सालच्या ‘मंथन’ची श्रेयनामावली पाहताना माझं मन दर वेळी एकाच पाटीपाशी अडतं. एरवी जिथे कुणा शेठचं किंवा कंपनीचं नाव झळकतं, तिथे लिहिलेलं आहे की हा चित्रपट गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. पाच लाख निर्माते! त्यांतल्या बहुतेकांनी चित्रपटाचा कॅमेरा जवळून पाहिलाही नसेल. प्रत्येकाचे फक्त दोन रुपये. गुणाकार केला तर होतात दहा लाख, आणि त्या काळी एवढ्या पैशांत पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट उभा राहत होता.

‘मंथन’चे दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी आधी दुग्धविकासावर माहितीपट केले होते. माहितीपट पाहतात ते बहुधा आधीच पटलेले लोक. ज्यांना अजून पटायचं आहे त्यांच्यापर्यंत जायचं तर गोष्ट सांगायला हवी, असं त्यांना वाटू लागलं. गोष्टीला पैसे कोण देणार? उपाय सुचवला गुजरातच्या दूध सहकाराचे प्रणेते डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी. सहकारी संघाच्या सभासदांनी एकदाच दोन रुपये कमी घ्यावेत, चित्रपट त्यांचाच होईल. पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली, कॅमेरा गोविंद निहलानींनी सांभाळला. पडद्यावर गिरीश कर्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी, मोहन आगाशे. कच्ची फिल्म मिळणं इतकं अवघड होतं की वेगवेगळ्या कंपन्यांची, मिळेल ती फिल्म वापरून चित्रीकरण झालं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘मंथन’ला मिळाला, तेंडुलकरांना पटकथेचा मिळाला, आणि ऑस्करसाठी भारताने हाच चित्रपट पाठवला.

ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. मला भुरळ पडते ती तिच्या पोटातल्या एका अडचणीची. पाच लाख माणसांकडून दोन-दोन रुपये गोळा करून पाहा! दारोदार माणसं पाठवली तर त्यांचा पगार आणि एसटीचं भाडं दोन रुपयांत भागणार नाही. पावती पुस्तकं छापायची, हिशेब जुळवायचा, रक्कम बँकेत भरायची. वर्गणीपेक्षा वर्गणी गोळा करणंच महाग. पोस्टाच्या मनीऑर्डरला कमिशन पडायचं, शिवाय फॉर्म भरायला अर्धा दिवस. लहान रकमेचा खरा शत्रू माणसाचा कंजूषपणा नसतो, ती रक्कम एका हातातून दुसऱ्या हातात नेण्याचा खर्च असतो. जगभरचे लहान वर्गणीचे बेत बहुधा इथेच अडखळतात.

मग गुजरातमध्ये हे कसं जमलं? तिथे कुणी पैसे मागायला गेलंच नाही. गावोगावच्या दूध सोसायटीत सकाळ-संध्याकाळ रांग लागते, दूध मोजलं जातं, फॅट तपासली जाते, वहीत नोंद होते आणि दुधाचे पैसे सभासदाला मिळतात. पैसा आधीच सोसायटीकडून शेतकऱ्याकडे वाहत होता. त्या प्रवाहातून दोन रुपये मागे ठेवले, बस्स. नाव, गाव, हिशेब सगळं वहीत होतंच. गोळा करण्याचा खर्च जवळजवळ शून्य. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला होता. म्हणजे ‘मंथन’ची पैसे उभारणारी यंत्रणा तीस वर्षं बांधली जात होती, आणि बांधणाऱ्यांना त्यातून कधी सिनेमा निघेल याची कल्पनाही नव्हती.

याहून मोठं आश्चर्य पुढे घडलं. चित्रपट लागला तेव्हा माणसं ट्रक भरभरून आपला चित्रपट पाहायला आली. ज्याने दोन रुपये दिले त्याला तिकीट काढायला कुणी विनवावं लागलं नाही. सिनेमाच्या धंद्यात दोन भयंकर धोके असतात, सुरुवातीला पैसा मिळेल का आणि शेवटी प्रेक्षक येईल का. लहान वर्गणी हे दोन्ही धोके एकाच माणसाच्या हाती सोपवते. पैसे देणारा आणि पाहणारा एकच! पुढे १६ मिलिमीटरच्या प्रती काढून ‘मंथन’ दुसऱ्या राज्यांतल्या खेड्यांत दाखवला गेला. सोबत गुरांचे डॉक्टर आणि दुग्धव्यवसायातले जाणकार असत. खेळ संपला की तिथेच सोसायटी काढण्याची बोलणी सुरू होत. २०२४ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने सिद्ध केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि त्यानंतर देशातल्या चित्रपटगृहांतही. एखाद्याच्या आजीचे दोन रुपये अठ्ठेचाळीस वर्षांनी कानला पोहोचले.

दोन रुपयांचा हा आकडा हिशेबातून आला, हे खरं. तरीही त्याला एक नवल जोडलेलं आहे. फ्रान्समध्ये ज्याँ रन्वार यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर ‘ला मार्सेयेज’ केला, तो १९३८ साली पडद्यावर आला. त्याच्यासाठी कामगार संघटनांच्या आधाराने वर्गणी काढली होती, आणि वर्गणीचा दर होता दोन फ्रँक. ती पावती पुढे थिएटरात दाखवली की तिकिटातून तेवढे फ्रँक वजा होणार होते. म्हणजे लोकांनी आपलं तिकीट चित्रपट बनण्याआधीच काढलं होतं. एवढ्याने खर्च भागला नाही आणि शेवटी नेहमीच्या पद्धतीने कंपनी काढून काम तडीला न्यावं लागलं. पुढे स्पेनमधल्या काही तरुणांनी ‘एल कॉस्मोनौता’ हा अंतराळवीराचा चित्रपट इंटरनेटवरून वर्गणी घेऊन काढला, तो २०१३ साली आला. किमान वर्गणी? दोन युरो. हजारो लोक निर्माते झाले. दोन फ्रँक, दोन रुपये, दोन युरो! तीन देश, पाऊणशे वर्षांचा काळ. यांनी एकमेकांची नक्कल केली असेल असं मला वाटत नाही. ज्या रकमेसाठी घरात कुणाला विचारावं लागत नाही, ती प्रत्येकाने आपापल्या नाण्यात शोधली.

आपल्याकडे चित्रपटाची सुरुवात अगदी वेगळ्या हिशेबाने झाली. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, रोज थोडी थोडी फिल्म फिरवत महिनाभर त्याचं चित्रण केलं आणि रोप डोळ्यांदेखत वाढतं असा मिनिटभराचा चमत्कार मोजक्या लोकांना दाखवला. कर्ज देणारे मिळाले ते त्या रोपामुळे. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सगळा धोका एका घराच्या डोक्यावर. मराठी निर्माते पुढची शंभर वर्षं बहुतांशी याच वाटेने गेले. घर गहाण टाकून सिनेमा काढणं हा आपल्याकडे शौर्याचा विषय होऊन बसला. मला त्या शौर्यापुढे मान तुकवावीशी वाटते, आणि त्याच वेळी वाटतं की एवढं शौर्य लागूच नये.

वेगळी वाट सुचली नव्हती असं नाही. ‘मंथन’च्याच वर्षी, १९७६ मध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’वर मराठी चित्रपट केला. दिग्दर्शकांत मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. ओम पुरींचा हा पहिला चित्रपट. पैसा बँकेच्या कर्जाचा. एकाच वर्षी, एकाच लेखकाचे दोन चित्रपट, दोन्हींच्या मागे सहकारी संस्था. एक दूध घालणाऱ्यांची, दुसरी कॅमेरा चालवणाऱ्यांची. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे तर दोन्हीकडे आहेत. पण ‘युक्त’कडे दूध सोसायटीची वही नव्हती. पाहणारे लोक या सहकारात सामीलच नव्हते. ‘घाशीराम’ फारसा कुठे लागला नाही, आणि त्याची प्रत जपली गेली ती बर्लिनच्या एका संग्रहात.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम यांनी हीच उणीव उलट्या टोकाकडून भरली. १९८४ मध्ये कोळिकोडला त्यांनी मित्रांसह ‘ओडेसा’ ही चळवळ सुरू केली. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव जायचं, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा, आणि पाहून झालं की झोळी फिरवायची. त्या वर्गणीतून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ झाला. आधी दाखवलं, मग मागितलं. पुढच्याच वर्षी जॉन गेले.

आता हे सगळं विदर्भातल्या यवतमाळला लावून पाहू. या जिल्ह्याचं नाव सिनेमाला अपरिचित नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) याच भागातल्या कापूस पिकवणाऱ्या घराची गोष्ट सांगतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी त्यात नवरा-बायको आहेत, आणि नवरा जीव देईल या धास्तीने बायको त्याच्यावर अष्टौप्रहर पाळत ठेवते. त्या चित्रपटाला हात दिला तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने. मिका पेलेड या अमेरिकेतल्या दिग्दर्शकाचा ‘बिटर सीड्स’ (२०११) तेलंगटाकळी गावात घडतो. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव परिसरात ‘अवनी’ वाघीण मारली गेली, आणि तिची आठवण करून देणारी ‘शेरनी’ २०२१ साली मुंबईच्या चित्रपटसृष्टीने बनवली. चित्रीकरण मध्य प्रदेशात झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर ‘शकुंतला’ रेल्वे टाकली गेली ती इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा म्हणून. इथली गोष्टही तशीच कच्ची बाहेर जाते आणि सूत दुसरीकडे कातलं जातं. हे चित्रपट वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ तर मला मराठीतला फार मोलाचा चित्रपट वाटतो. पण यवतमाळच्या माणसाने पैसे घालून यवतमाळची गोष्ट सांगितली, असं यांतल्या एकाही चित्रपटाबद्दल म्हणता येत नाही.

जमेल का असं? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. दर दहा माणसांतल्या एकाने दहा रुपये दिले तरी साडेसत्तावीस लाखांच्या वर जातात. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी हिशेब पुन्हा तपासला. छोटं युनिट, इथलेच कलाकार, खरी घरं आणि खरी वावरं असतील तर एवढ्यात पूर्ण लांबीचा चित्रपट आवाक्यात येतो, कारण सिनेमाचा सगळ्यात भुकेला राक्षस दरम्यान मेला आहे. ३५ मिलिमीटरची हजार फूट फिल्म अकरा मिनिटांत संपायची. दोन तासांच्या चित्रपटासाठी चौपट चित्रीकरण केलं तर चव्वेचाळीस डबे, त्यानंतर धुलाई, प्रिंट. आज ते सगळं हातावर मावणाऱ्या कार्डात जातं आणि पुसून पुन्हा वापरता येतं. फिल्मचा खर्च गेला. उरला माणसांचा, प्रवासाचा, जेवणाचा.

वर्गणी एका हातातून दुसऱ्या हातात नेण्याचा खर्चही गेला. २०१६ साली यूपीआय आलं, आणि पाटणबोरीच्या चहाच्या टपरीवरही दहा रुपये फोनवरून जातात, देणाऱ्याचा एक पैसा न कापता. ‘मंथन’साठी जे काम तीस वर्षांच्या सोसायटीने केलं त्यातला निम्मा भाग आता क्यूआर कोडचं एक चौकोनी चित्र करतं.

पण निम्माच. पैसे पाठवण्याची सोय झाली म्हणून कुणी पैसे पाठवत नाही. ज्याला पाठवायचे त्याच्यावर भरवसा लागतो, आणि तो भरवसा दर महिन्याला समोरासमोर बसून तयार होतो. यवतमाळकडे दूध सोसायट्यांचं गुजरातसारखं जाळं नाही. बचत गट मात्र गावोगाव आहेत. बाया ठरल्या दिवशी जमतात, ठरलेली रक्कम टाकतात, नोंदवही सगळ्यांसमोर उघडते. दहा रुपये कुणाचे आले, कुणाचे राहिले हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी शाळा दुर्गोत्सवाची. यवतमाळचा दुर्गोत्सव दूरवर प्रसिद्ध आहे; नऊ दिवस शहर रात्रभर जागं असतं, आणि ते सगळं उभं राहतं वर्गणीवर. पावती फाडणं, जमाखर्च मांडणं, कुणी किती दिले ते फलकावर लिहिणं, या कलेत इथल्या पोरांना शिकवायची गरज नाही. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं गावची मंडळं ठरवून आणतात आणि तिकिटं विकून खर्च काढतात, हेही शेजारीच आहे.

सिनेमासाठी लोक हात सैल सोडतात हे महाराष्ट्राने एकदा पाहिलंही आहे. ‘श्वास’ मित्रमंडळींनी पैसे एकत्र करून बनवला. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. २००४ मध्ये ऑस्करला पाठवायची वेळ आली तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराला पैसे नव्हते. मग लोक पुढे आले. नाशिकच्या एका शाळेतल्या मुलांनी दिवाळीच्या पणत्या विकून रक्कम उभी केली. कौतुक वाटतं, आणि हळहळही वाटते. ते देणारे हात पुढच्या चित्रपटासाठी कुठल्याच वहीत नोंदले गेले नाहीत. उमाळा ओसरला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

हे टिकाऊ करायचं तर कायद्याची चौकट समजून घ्यावी लागते. कंपनी कायदा २०१३ नुसार खासगी कंपनीला वर्षभरात दोनशेहून अधिक माणसांना आपले समभाग देऊ करता येत नाहीत. सेबीने २०१४ साली लोकवर्गणीच्या गुंतवणुकीवर चर्चापत्र काढलं, पण लहान माणसाला थोड्या पैशांत भागीदार करून घेण्याचं दार उघडलं नाही. त्यामुळे आपल्याकडची संकेतस्थळं देणगी घेतात, किंवा देणगीच्या बदल्यात तिकीट, पोस्टर, श्रेयनामावलीत नाव देतात. नफा वाटत नाहीत. कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी ५१ लाख रुपये उभे केले ते शंभराहून थोड्या अधिक लोकांकडून, अवघ्या २७ दिवसांत. पाच लाखांची गोष्ट मात्र सहकारी संस्थेलाच जमली, कारण तिथे देणारा सभासद असतो आणि सभासदांच्या संख्येला वरची मर्यादा नाही. आणि अशी संस्था सुरू करायला दहा माणसं पुरतात.

अमेरिकेतल्या किकस्टार्टरने २००९ पासून वापरलेला एक नियम मला विलक्षण शहाणा वाटतो. ठरवलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली नाही तर कुणाचाही पैसा कापला जात नाही. अर्ध्या पैशांत अर्धा सिनेमा बनून पडून राहत नाही, आणि देणाऱ्यालाही हुरूप येतो, कारण आपले दहा रुपये कडेला पोहोचतील किंवा परत येतील हे त्याला माहीत असतं. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचं भाडं देताना त्याचा उपयोग नाही. अगदी त्याच खिंडीत लहान वर्गणी उभी राहू शकते.

एक गमतीचा हिशेबही करून पाहिला. पावणेतीन लाख देणाऱ्यांची नावं शेवटी पडद्यावर सोडली आणि सेकंदाला तीस नावं सरकतात असं धरलं, तर नावांची यादी अडीच तास चालेल, बहुधा चित्रपटाहून जास्त!

सगळ्यात खोल परिणाम मात्र गोष्टीवर होतो. ‘मंथन’ शेतकऱ्यांच्या पैशाने बनला आणि तरी तो शेतकऱ्यांची आरती ओवाळत नाही. गावातला जातिभेद, सरपंचाची मग्रुरी, शहरातून आलेल्या भल्या डॉक्टरच्या चुका, सगळं त्यात आहे. शेवटी डॉक्टर गाव सोडून जातो. दूध संघाची जाहिरात करायची असती तर असा शेवट कुणी ठेवला नसता. पाच लाख मालक असले की त्यांतल्या एकालाही शेवट बदला म्हणता येत नाही, आणि दिग्दर्शकाला त्यांतल्या कुणालाच फसवता येत नाही.

यवतमाळला याची गरज आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्याही वर गेलेल्या झाडांवर पाठीवरचा पंप घेऊन फवारणारी ती माणसं होती. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. त्या मोसमावर पूर्ण लांबीचा कथापट काढायचा म्हटलं तर पैसे कुणाकडे मागणार? औषध कंपनीकडे, कृषी केंद्र चालवणाऱ्याकडे, की निवडणूक तोंडावर असलेल्या पुढाऱ्याकडे? प्रत्येकाला त्या गोष्टीतला एखादा प्रसंग गाळून हवा असेल. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला मात्र काहीच गाळून नको आहे. त्याच्या गावात बचत गट आहे, दुर्गोत्सव मंडळ आहे, त्याच्या घरात कुणाकडे तरी फोन आहे. सोळा तालुके आहेत. वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद, उमरखेड. एका तालुक्यातून वीस मिनिटांच्या लघुपटाने सुरुवात केली, त्याचा जमाखर्च गावच्या फलकावर लावला आणि तो लघुपट नवरात्रात मांडवात दाखवला, तर दुसऱ्या तालुक्याकडे वर्गणी मागताना हातात दाखवायला काहीतरी असेल.